किल्ली नसलेले उंदीर

"मावशी, पिंजऱ्यांत अदलाबदल झाली असेल का?"

सुवर्णा डोईफोडेनं हे विचारलं तेव्हा माझ्या एका तळहातावर गाभण उंदरीण होती आणि दुसऱ्या हातात तिचं कार्ड. मी आधी उंदरीण पिंजऱ्यात सोडली, जाळीचं झाकण दाबून बसवलं, कार्ड खोचलं आणि मग वळले.

"कुणाच्या खोलीत?"

"नाही म्हणजे, चुकून. काळे उंदीर सगळे सारखेच दिसतात, तर—"

"तुला दिसतात सारखे, मला नाही दिसत. आणि पायांत पिशव्या न घालता आत कशी आलीस? बाहेरची घाण माझ्या लेकरांना बाधली तर तुझा साहेब येणारे निस्तरायला? जा, घालून ये आधी."

ती गेली, निळ्या पिशव्या पायांत चढवून आली आणि दारातच उभं राहून पुन्हा तेच बोलली. ही तिची खोडच होती. परभणीकडची पोर, मान खाली घालून बोलायची, पण धरलेलं सोडायची नाही.

"जूनच्या वेतातले दोन उंदीर होते, मावशी. तुमच्या कार्डावर ‘किल्ली नाही’ असं होतं. मी विषाणू सोडला तर दोघांच्याही मेंदूत दिवे लागलेत. लागायला नको होते."

"मग तुझ्या विषाणूचं बघ."

"तीनदा बघितलं."

"चौथ्यांदा बघ. माझ्या खोलीत तीस वर्षांत एक शेपूट इकडची तिकडं झालेली नाही. तुझं शिक्षण झालं नव्हतं, तू झाली नव्हतीस, तेव्हापासून मी इथं उंदीर वाढवतेय. अदलाबदल म्हणे!"

तिनं मान हलवली आणि गेली. दार मात्र हळूच लावलं, त्याचाच मला राग आला. आपटलं असतं तर चार शब्द आणखी सुनावता आले असते.

या गोष्टीला आता बारा वर्षं होतील. पुण्याबाहेर टेकडीवर ती संस्था. साहेब लोक खोलीला प्राणिगृह म्हणायचे, आम्ही उंदीरखोली म्हणायचो. माझे मालक तिथंच कामाला होते. ते अचानक गेले तेव्हा त्यांच्या जागी मला घेतलं. चौथी शिकलेली बाई, पदरात तीन पोरं. मुलाखत घेणारा म्हणाला, बाई, उंदराला घाबरता का? मी म्हटलं, साहेब, मी सासूजवळ अकरा वर्षं काढली आहेत.

तेव्हापासून त्या खोलीत माझा शब्द चालायचा. घरी तीन सुना माझ्यापुढं आवाज चढवत नव्हत्या आणि इथं मोठमोठे डॉक्टर माझ्या दारात चपला काढून उभे राहायचे. शिकलेली माणसं, पण उंदराची शेपूट धरायची म्हटलं की हात थरथरायचे. आमचे केळुस्कर साहेब सगळ्यांचे वरचे. परदेशातून मोठा मान घेऊन आलेले. ते पहिल्या आठवड्यात मला म्हणाले, "पायगुडेबाई, चावणार नाही असा एखादा उंदीर द्या." मी म्हटलं, "मातीचा आणून देते, गणपतीपुढचा."

सुवर्णा त्यांचीच विद्यार्थिनी. ती मात्र पहिल्या दिवशी चावून घेऊन दुसऱ्या दिवशी परत आली होती, म्हणून मी तिला उभं करून घेतलं. आडनाव डोईफोडे आणि काम उंदरांच्या डोक्याला भोक पाडायचं. मी तिला म्हटलंसुद्धा, "देवानं तुला अगदी बरोबर जागी पाठवलं गं." ती खो खो हसली होती. तेव्हाच तिला विचारलं, ती नेमकं करते तरी काय.

"पिल्लू घरट्यातून बाहेर पडलं की उंदरीण त्याला तोंडात धरून परत आणते ना, मावशी? ते मेंदूतल्या कुठल्या पेशींमुळं होतं, ते शोधतेय."

"किती दिवस?"

"पाच वर्षं तरी."

"पाच वर्षं! पिल्लू आईचं आहे म्हणून आणते. घे, झालं तुझं शोधून. जा आता गावाला, आईला मदत कर."

"अहो, पण प्रत्येक वेळी आणत नाही ना? ज्या उंदरिणीला पिल्लं झालेली नाहीत ती कधी आणते, कधी चावते. मेंदूत पेशी लाखांनी असतात, सगळ्या एकमेकींत गुंतलेल्या. मला त्यातली एकच जात हवीय. हातानं वेगळी कशी काढणार? म्हणून विषाणू वापरायचा."

"विषाणू? माझ्या खोलीत?"

"त्यातला रोग काढून टाकलेला असतो, मावशी. पेशीत शिरायचं कसब तेवढं ठेवलेलं. त्याच्याबरोबर आपण एक दिवा पाठवायचा. तो सगळ्या पेशींत शिरतो, पण दिवा लागायला किल्ली लागते. ज्या पेशीत किल्ली, तीच हिरवी उजळणार."

"आणि ती किल्ली कुठून येते?"

"उंदराला जन्मतःच असते, आईबापांकडून आलेली. आपण किल्लीवाल्यांचं घराणं वाढवलंय ना, तेच ते. बिनकिल्लीच्या उंदरात विषाणू सोडला तर काहीच दिसायला नको. ते दाखवता आलं, तरच माझं बाकीचं खरं धरतात."

"म्हणजे घुसतो सगळ्यांच्या घरात, पण दिवा लावतो ठरलेल्या घरातच. बरा आहे की तुझा विषाणू. आमच्या भावकीपेक्षा शहाणा."

अशी दोन घराणी मी सांभाळत होते. डाव्या मांडणीवर किल्लीवाले, उजव्या मांडणीवर बिनकिल्लीचे. दिसायला दोन्ही काळेभोर, एका रंगाचे, एका अंगाचे. दोन्ही घराणी शुद्ध ठेवलेली, म्हणून दरवेळी शेपटीचा तुकडा कापून तपासायला पाठवायची गरज पडत नव्हती. माझं कार्ड हीच तपासणी. आणि माझा एक नियम सगळ्या संस्थेत ठाऊक होता. आई मेली किंवा पिल्लांना खायला उठली, तर काळी पिल्लं दुसऱ्या आईकडं द्यायची, पण ती आई पांढरीच पाहिजे. पांढऱ्या पिल्लांत काळी पिल्लं आंधळ्यालाही कळतात. नवीन पोरं आली की केळुस्कर साहेब त्यांना माझ्यासमोर उभं करून म्हणायचे, "बाईंकडून शिका. आपल्याकडच्या निम्म्या डॉक्टरांपेक्षा बाई काटेकोर आहेत." निम्म्या का म्हणायचे ते मला कधी कळलं नाही.

गुरुवारी केळुस्कर साहेब स्वतःच खाली आले, बरोबर सुवर्णाला घेऊन. साहेबांच्या हातात कागद होते आणि तोंडावर आठ्या.

"पायगुडेबाई, एक सरळ प्रश्न विचारतो. जूनच्या वेतात किल्लीवाला उंदीर बिनकिल्लीच्या पिंजऱ्यात जाऊ शकतो का?"

सुवर्णा माझ्याकडं बघत होती. डोळ्यांखाली काळं झालेलं. केस तीन दिवस विंचरलेले नसावेत.

"नाही," मी म्हटलं.

"ऐकलंस? हे मी तुला सोमवारपासून सांगतोय. प्राणिगृहात चूक होत नाही. मग चूक कुठं झाली? तुझ्या टेबलावर."

"सर, त्या वेतातले आणखी उंदीर असतील तर त्यांच्या शेपट्या तपासून—"

"बाईंच्या कार्डावर शंका? चार वर्षं सगळी संस्था या कार्डांवर प्रयोग करतेय. तेवढ्यासाठी सगळ्यांचे प्रयोग संशयात टाकायचे?"

ते दोघं बाहेरच्या कपडे बदलायच्या खोलीत गेले. मधली भिंत म्हणजे प्लायवूडची फळी. ऐकायचं नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी पाण्याच्या बाटल्या भरत होते, नळ बंद केला.

"हे बघ," साहेब आवाज मऊ करून बोलत होते, "सहा उंदरांपैकी चार बरोबर आहेत. दोन उंदीर मेंदू काढायच्या आधीच मेले असं लिहायचं. चार पुरतात. लेख छापून येतो, तुझी पदवी होते, मीही मोकळा."

"पण ते मेले नव्हते, सर. मीच मारले, मेंदू काढायला."

"विनोद करू नकोस."

"विनोद नाही, सर. दिवे लागलेत. मी बघितलेत. आता न बघितल्यासारखं कसं लिहू?"

"मग तुझ्या हातांना शिस्त नाही असं मी कमिटीला सांगेन. सोमवारी बसतेय कमिटी. विषाणूच्या नळ्या मिसळल्या असशील नाहीतर काचा. आणि आत्ता मिसळल्या तर आधीच्या चार वर्षांत मिसळल्या नसतील कशावरून? सगळंच रद्द. घरी जा, परभणीला."

"बरं, सर."

एवढंच म्हणाली. बरं, सर. मला वाटलं, काय मूर्ख पोरगी! दोन उंदरांपायी चार वर्षं पाण्यात घालतेय. साहेब तिला वाट काढून देताहेत आणि ही उभी राहून बरं म्हणतेय. माझ्या सुनेनं असं केलं असतं तर मी तिला बोलून बोलून सरळ केलं असतं.

नळ पुन्हा सोडला तेव्हा पाठीमागं तुकाराम पिसाळ उभा होता. पिंजरे धुणारा. वीस वर्षं माझ्या हाताखाली, माझ्यासमोर बसत नसे.

"बाई," तो म्हणाला, "जूनचं वेत म्हणजे ते तुमच्या सुतकातलं ना?"

"कोणतं सुतक?"

"तुमचे दीर वारले तेव्हाचं. तुम्ही आदल्या दिवशी त्या पिल्लांच्या शेपटीला जांभळी शाई लावून—"

"तुकाराम, बाटल्या घाण राहिल्यात. परत घास."

"घासतो. पण बाई, शाई दुसऱ्या दिवशीच गेली होती. आईनं चाटून साफ केली. तुम्ही कुणाला हात लावू नको म्हणालात, म्हणून मी परत लावली नाही. तुम्ही आल्यावर सांगितलं होतं मी तुम्हाला."

"सांगितलं होतंस. मग आता कशाला सांगतोस?"

तो बाटल्या घेऊन गेला.

आता ते सांगून टाकते. तेव्हा लपवलं तसं इथंही इथवर लपवलं. माणसाची सवय जाता जात नाही.

जूनमध्ये किल्लीवाल्या घराण्यातली एक आई चार दिवसांची पिल्लं टाकून मेली. चार पिल्लं, चिमटीएवढी, गुलाबी, केसाचा पत्ता नाही. खोलीत त्या दिवशी दूध असलेली पांढरी आई एकही नव्हती. पाच-सहा दिवसांत एक विणार होती, पण पिल्लं तितके दिवस काढणार नव्हती. मरू द्यायला हवी होती. तसा नियम होता आणि नियम माझाच होता. पण किल्लीवाली पिल्लं मोलाची, आणि माझ्या हातचं पिल्लू मेलं असं कुणी म्हणू नये. उजव्या मांडणीवर एक बिनकिल्लीची काळी उंदरीण त्याच दिवसांची, तिची स्वतःची सात. त्या सातांत मी ही चार घातली. शेपटीला शाई लावली. म्हटलं, रोज शाई फिरवीन, दूध सुटलं की वेगळी काढीन. कार्डावर काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर पायगुडेबाईंनी नियम मोडला असं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गावाहून निरोप आला की दीर वारले. या दिरांनी आमचा जमिनीचा वाटा खाल्ला होता. जिवंत असताना मी त्यांच्या दारातलं पाणी घेतलं नव्हतं. पण सुतक ते सुतक. भावकीत कुणी नाव ठेवायला नको म्हणून तेरावं होईपर्यंत तेरा दिवस बसले. संस्थेनं तीन दिवसांची रजा दिली होती, मी तेरा घेतले. माणूस मनात नसेल तर रीत आणखी कडक पाळायची असते, असा माझा हट्ट.

परत आले तेव्हा पिंजऱ्यात अकरा काळी पिल्लं होती. डोळे उघडलेले, केस आलेले, एकमेकांच्या अंगावर चढून दूध पीत होती. शाई नव्हती.

केळुस्कर साहेबांना जाऊन सांगायचं होतं की अकराही वाया गेली, काढून टाका. दोन मिनिटांचं काम होतं. मी पिंजऱ्यासमोर स्टूल घेऊन बसले. अर्धा तास बघितलं. ही चपळ, हिचे कान मोठे, हा अंग चोरतो, हा त्या मेलेलीचा वाटतो. चार निवडले आणि डाव्या मांडणीवर नेऊन ठेवले. सात राहिले त्यांना ‘किल्ली नाही’ अशी कार्डं लावली. आणि हात धुतले. खरं सांगते, मला शंका नव्हती. माझ्या डोळ्याला कळत नाही असा उंदीर त्या खोलीत जन्मला नाही, असं मी स्वतःला सांगितलं, आणि मी सांगितलेलं मी नेहमीच ऐकत आले.

त्या सातांतले दोन ऑगस्टमध्ये सुवर्णाला दिले.

गुरुवारी घरी गेले तर थोरली सून मनीषा म्हणाली, "आत्याबाई, आज भाकरी थोडी करपली, माझं लक्ष नव्हतं." भाकरी ताटात पडायच्या आधीच सांगितलं तिनं. मी जेवले. काही बोलले नाही. तिघी सुना एकमेकींकडं बघायला लागल्या. धाकटीनं विचारलं, "आत्याबाई, बरं नाही का?" मी म्हटलं, "न बोललं तरी तुम्हाला सुख नाही."

मला त्या साहेबाचा राग येत नव्हता. साहेब तसलाच होता, आधीपासून माहीत होता. राग येत होता त्या पोरीचा. दोन उंदीर गाळून टाक म्हटलं तर टाकत नाही! पाच फुटांची पोर, गावाकडं बाप टेलरिंग करतो, कुणाचा आधार नाही. कुठून आणते ही एवढी मिजास? मिजास असावी तर माझ्यासारखीला असावी. मग लक्षात आलं की माझ्याकडं होती ती मिजास चार पिल्लांचं सांगायलाही पुरली नव्हती.

शुक्रवारी सकाळी साहेबांच्या खोलीत गेले. न विचारता खुर्चीवर बसले.

"अदलाबदल मी केली," मी म्हटलं.

साहेब आधी समजलेच नाहीत. मग हसले. "पायगुडेबाई, तुमचं मन मोठं आहे."

"मन-बिन मोठं नाही. चार पिल्लं मिसळली होती, शाई पुसली गेली, मी अंदाजानं वेगळी काढली."

"काल तर नाही म्हणालात."

"काल खोटं बोलले."

"बाई, पोरीची दया आली, समजू शकतो. पण तुम्हाला यातली गुंतागुंत कळत नाही. प्राणिगृहात चूक निघाली तर प्रश्न एका मुलीचा राहत नाही. चार वर्षांत इथून जे जे छापून गेलं त्याच्यावर लोक बोट ठेवतील. विद्यार्थिनी एक गेली तर दुसरी येते."

"आणि उंदीरवाली बाई?"

"तुमचं नाव जपतोय मी!"

"माझं नाव मी जपते. तुमचं जपायला मला वापरू नका. त्या वेतातले नऊ अजून माझ्याकडं आहेत. किल्लीवाले म्हणून काढलेले चार, त्यांची पाळी आली नाही अजून. बिनकिल्लीचे म्हणून ठेवलेले पाच. नऊही शेपट्या तपासा."

"आणि नाही तपासल्या तर?"

"तर सोमवारी कमिटीच्या दारात खुर्ची टाकून बसते. आत जाणाऱ्या प्रत्येकाला पिंजरा दाखवते. शिपाई मला उठवणार नाही, साहेब. शिपायाला नोकरीला मीच लावलाय."

साहेबांनी फोन उचलला. तपासणी दुसऱ्या प्रयोगशाळेत करायची ठरली, सुवर्णाचा हात लागायला नको म्हणून. मी स्वतः नऊ शेपट्यांची टोकं कापून दिली. सुवर्णा दारात उभी होती, पायांत पिशव्या घालून. तिला सगळं सांगून झालं होतं, साहेबांनीच सांगितलं.

बिनकिल्लीच्या पाचांचा पिंजरा समोर होता. मला राहवलं नाही. मी एकाला शेपटीनं उचलून तिला दाखवलं. "यात एखादा किल्लीवाला राहिला असेल तर हाच. बघ, कान बघ. हा त्या आईचा."

तिनं कागदावर त्या उंदराचा नंबर लिहून घेतला. बस, तेवढंच.

शनिवारी दुपारी फोटो आला. काळ्या कागदावर पांढऱ्या रेघा, रेघ असेल तर किल्ली आहे. साहेब, सुवर्णा आणि मी टेबलाभोवती उभे होतो. पहिले चार माझे, निवडून काढलेले किल्लीवाले. नाही. नाही. आहे. नाही.

चारांतला एक. डोळे मिटून मूठ घातली असती तरी एवढं जमलं असतं. सवाष्णीला सुपातून तांदूळ निवडायला बसवलं आणि तिनं खडे ताटात वाढले, तसं झालं होतं.

मग बिनकिल्लीचे पाच. एकात रेघ होती. म्हणजे सुवर्णाला दिलेले दोन, हा एक आणि डावीकडचा एक. चारही पिल्लांचा हिशोब लागला. तिचा विषाणू बरोबर होता, हात बरोबर होते, डोळेही बरोबर होते. साहेब खुर्चीत बसले आणि कपाळ चोळायला लागले.

सुवर्णानं खिशातून कागद काढला, नंबर ताडून बघितला.

"तुम्ही दाखवलेला हा नाही, मावशी," ती म्हणाली. "त्याच्या शेजारचा आहे."

तिच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, कुचक्या बोलण्याला उत्तर द्यायची मला तीस वर्षांची सवय होती.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती पुढं म्हणाली. "बुधवारी. तुम्हाला तेव्हाही माहीत होतं?"

"होतं."

तिनं कागदाची घडी घातली आणि गेली. या वेळी दार आपटलं.

सोमवारी कमिटीपुढं ठेवायला साहेबांनी एक निवेदन तयार केलं. सुवर्णा कॉम्प्युटरवर बसली होती. माझी सही पाहिजे म्हणून मला बोलावलं. साहेब मोठ्या मनानं वाचून दाखवायला लागले. "‘प्राणिगृहातील एका अप्रशिक्षित कर्मचाऱ्याच्या हातून अनवधानाने झालेल्या त्रुटीमुळे—’"

"थांबा. अप्रशिक्षित म्हणजे?"

"म्हणजे शिक्षण न झालेल्या. तुमच्या भल्यासाठीच लिहिलंय, बाई. अडाणी बाईच्या हातून झालं म्हटलं की कुणी काही म्हणत नाही. कारवाई होत नाही. निवृत्तीला तुमचे अकरा महिने राहिलेत, शांतपणे जातील."

"आणि अनवधान?"

"लक्ष नसताना घडलेलं."

"अर्धा तास स्टुलावर बसून बघत होते मी. डोळा हलवला नव्हता. लक्ष नसताना म्हणे! साहेब, उंदराला हात लावायला घाबरता तुम्ही, आणि अप्रशिक्षित मी? इतकी वर्षं तुमची पोरं माझ्यापुढं उभी करून ‘बाईंकडून शिका’ म्हणालात, तेव्हा शिक्षण झालेलं होतं माझं. चूक केल्याबरोबर अडाणी झाले?"

"बाई, शब्दांत काय आहे?"

"मग बदला की. काही नाही ना त्यात."

"असं लिहीत नसतात."

"नसतील लिहीत. तसं लिहिल्याशिवाय माझी सही नाही. आणि सही नाही तर पोरगी सुटत नाही, पोरगी सुटली नाही तर तुमचा लेख सुटत नाही. बरोबर बोलतेय ना मी? यातली गुंतागुंत मला कळत नाही, म्हणून विचारते."

साहेबांनी खिडकीकडं तोंड केलं. मी सुवर्णाच्या पाठीमागं जाऊन उभी राहिले. तिच्या केसांना आज तेल होतं, वेणी घट्ट घातलेली होती.

"आधीचं पूस," मी म्हटलं, "आणि लिही. ‘तीस वर्षं काम केलेल्या, सगळे नियम ठाऊक असलेल्या कौसल्या पायगुडे यांनी स्वतःचा नियम मोडून पिल्लं मिसळली. खूण पुसल्याचं त्यांना कळलं होतं. तरी कुणाला न सांगता, फक्त आपल्या डोळ्याच्या भरवशावर, त्यांनी चार उंदीर वेगळे काढले आणि कार्डं लावली. सुवर्णा डोईफोडे यांच्या कामात चूक नाही.’ लिहिलं?"

"लिहिलं."

"पुढं लिही. ‘विचारल्यावर त्या खोटं बोलल्या.’"

"हे नको, बाई," साहेब खिडकीकडूनच म्हणाले. "याची गरज नाही. याच्यावर कारवाई होईल."

झालीच पुढं. उंदीरखोली माझ्याकडून काढून घेतली. राहिलेले अकरा महिने मी तुकारामच्या हाताखाली पिंजरे धुतले, आणि दोनदा तुकारामनं मला पिंजरा परत घासायला लावला. दोन्ही वेळा पिंजरा घाण होता. पण ते पुढचं.

त्या वेळी सुवर्णाची बोटं थांबली होती. मला वाटलं, आता ही वळेल, मावशी, राहू दे म्हणेल, डोळ्यांत पाणी आणेल. तसं केलं असतं तर मला आवडलं नसतं.

ती वळली नाही. पडद्याकडंच बघत तिनं विचारलं, "तारीख घालू?"

"घाल. बुधवार."

"आणि गुरुवार," ती म्हणाली. "सरांसमोर."

"आणि गुरुवार," मी म्हटलं. "दोनदा लिही."

तिनं दोनदा लिहिलं. मी चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं, आणि मग सही केली.